छोटा सबवूफर: घेण्याआधी उचलून बघा, वाजवण्याआधी ठोकून बघा

दुकानात येऊन कुणी "ताई, टीव्हीखाली मावेल असा छोटा सबवूफर कोणता घेऊ?" असं विचारलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उचलून पाहिलात का?" आवाज ऐकलेला असतो, खोक्यावरचे वॅट पाठ असतात, ब्लूटूथची चौकशी झालेली असते. पण पेटी दोन्ही हातांनी उचलून, बाजूच्या फळीवर बोटाने ठोकून कुणी पाहिलेलं नसतं. छोट्या सबवूफरचं बरंवाईट तिथेच ठरतं, पेटीत.

माझं नाशिकला रविवार कारंज्याजवळ स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांचं होतं, गेली 19 वर्षं मी बघते. गणपतीआधीचे दोन महिने 15 आणि 18 इंची स्पीकरच्या रीकोनिंगमध्ये, म्हणजे फाटलेले पडदे बदलण्यात जातात. बाकी वर्षभर टेबलावर घरगुती माल असतो, आणि त्यात आता निम्म्याहून जास्त छोटे सबवूफर. त्यातले बरेचसे जळालेले नसतात. पेटी सैल झालेली असते, स्क्रू निघालेले असतात, हवा गळत असते. गिऱ्हाईक म्हणतं, "आवाज फाटतोय, स्पीकर गेला." स्पीकर शाबूत असतो. म्हणून हे एकदा नीट लिहून काढते आहे: घेताना काय बघायचं, घरी आणल्यावर काय तपासायचं, आणि उघडायची वेळ आली तर हात कुठे घालायचा, कुठे नाही.

लहान पेटीला काय जड जातं

माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. सबवूफरच्या वाट्याला येतो तो तळाचा पट्टा, 20 पासून 80-100 हर्ट्झपर्यंतचा. बेस गिटारची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झला वाजते, पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी 27.5 हर्ट्झला. एवढ्या खालच्या स्वराला हवा भरपूर ढकलावी लागते. आवाज तेवढाच ठेवून 80 वरून 40 हर्ट्झवर उतरायचं तर कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, चौपट पुढेमागे सरकावं लागतं, 40 वरून 20 वर यायचं तर पुन्हा चौपट. त्यात साडेसहा इंची कोनचं क्षेत्रफळ 12 इंचीच्या साधारण पाव. जी हवा 12 इंची कोन 3 मिलिमीटर सरकून हलवतो, तिच्यासाठी साडेसहा इंचीला 12 मिलिमीटरच्या आसपास सरकावं लागतं. तेही सरळ रेषेत, कोनमागची तारेची कॉइल कुठे न घासता.

दुसरी अडचण पेटीतल्या हवेची. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी 1954 साली एआर-1 हा स्पीकर काढला तो या स्प्रिंगच्याच भरवशावर. कोन त्यांनी सैल टांगला आणि त्याला सावरायचं काम बंद पेटीतल्या हवेवर सोपवलं. त्यामुळे कपाटाएवढ्या पेट्या फळीवर मावतील इतक्या झाल्या. पण पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ, आणि स्प्रिंग ताठ झाली की कोन खालच्या स्वरांना उतरायला नकार देतो. मग त्याला जोराने ढकलावं लागतं.

केएलएच या कंपनीच्या नावातलं 'एच' ज्यांचं, त्या जोसेफ अँटन हॉफमन यांचा एक नियम स्पीकर बनवणारे अजूनही मानतात. लहान पेटी, खोल बेस, आणि थोडक्या पॉवरमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. म्हणजे लहान पेटीतून खोल बेस हवा असेल तर पॉवर ओतावी लागणार. पॉवर ओतायची तर कॉइल जाड हवी, मॅग्नेट मोठा हवा, आणि एवढा धक्का सोसणारी पेटी घट्ट हवी. हा खर्च ज्याने केला नाही त्याच्या पेटीत बेस नसतो, नुसता 70-80 हर्ट्झचा धबधबा असतो. पहिले दोन दिवस तो छान वाटतो. तिसऱ्या दिवशी प्रत्येक गाण्यात एकच 'बूम' ऐकू येतो.

खर्च केला तर काय होतं याचं एक उदाहरण सांगते. केईएफचा केसी62 हा 2021 सालचा सबवूफर साधारण 25 सेंटिमीटरचा, म्हणजे घरातल्या तांदळाच्या डब्याएवढा. आत साडेसहा इंचाचे दोन कोन पाठीला पाठ लावून बसवलेत, अ‍ॅम्प्लिफायर 1000 वॅटचा, पेटी अ‍ॅल्युमिनियमची, वजन 14 किलो. किंमत आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे, तो घ्या असं मी म्हणत नाही. पण तांदळाच्या डब्याएवढ्या वस्तूत 14 किलो का भरावे लागले, हे डोक्यात ठेवून बाजारात जा.

दुकानात काय करायचं

आधी उचला. अंदाज यावा म्हणून हिशेब देते. 30 सेंटिमीटर लांब, रुंद, उंच पेटी 18 मि.मी. एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या बारीक भुकटीच्या दाबलेल्या फळीची असेल तर नुसतं लाकूडच सहा किलोच्या आसपास भरतं. त्यात 8 इंची स्पीकरचे दोन-तीन किलो आणि अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे नऊ-दहा किलो व्हायला हवेत. तेवढीच पेटी एका हातात सहज उचलली गेली तर फळी पातळ आहे, मॅग्नेट बारका आहे, किंवा दोन्ही.

मग ठोका. बोटाच्या पेराने बाजूच्या फळीच्या मधोमध, जसं आपण कलिंगड बघतो तसं. 'टक' असा आखूड, मुका आवाज आला तर फळी घट्ट. 'ढब' असा पोकळ, रेंगाळणारा आवाज आला तर ती फळी गाण्यातही तेच बोलणार. ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 12 मि.मी.ऐवजी 18 मि.मी. फळी घेतली, तर जाडी दीडपट पण ताठरपणा जवळजवळ साडेतीनपट होतो. कंपनीला इथे सहा मिलिमीटर वाचवून जे मिळतं ते तुम्हाला पुढची सात वर्षं ऐकू येतं.

पोर्ट असेल, म्हणजे हवा बाहेर यायचं भोक असेल, तर मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. लाजायचं कारण नाही, वस्तू तुम्ही घेताय. भोकाच्या कडेला फळीचा छेद दिसतो. भुशाचे जाडे दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड, मैद्यासारखा एकजीव छेद दिसला तर एमडीएफ. आतून कापूस किंवा फोम लावलाय का, वायरी लोंबताहेत का, तेही दिसतं.

कोन बघा. जाळी निघत असेल तर काढायला सांगा आणि सेट बंद ठेवून, दोन्ही हातांची बोटं पसरून, मधल्या टोपीच्या भोवती सगळीकडे सारखा दाब देत कोन हळूच आत ढकला. एका बाजूने दाबायचं नाही, कॉइल तिरकी होते. कान जवळ न्या. काहीच आवाज न होता मऊ आत गेला पाहिजे. 'खर्र' झालं तर कॉइल घासतेय, ती पेटी तिथेच ठेवा. कडेची गोल पट्टी रबराची आहे की फोमची तेही बोटाला कळतं. रबर चिवट आणि थंड लागतं, फोम कोरडा आणि हलका. फोमला दमट हवा खाते. माझ्याकडे फोमचे स्पीकर आठ-दहा वर्षांत भुगा होऊन येतात, रबराचे वीस-वीस वर्षं चालतात. सबवूफरला रबरच घ्या.

शेवटी पाठ फिरवून मागची पट्टी वाचा. खोक्यावर पीएमपीओमध्ये, म्हणजे जाहिरातीच्या फुगवलेल्या मापात, हजारो वॅट लिहिलेले असू शकतात, त्या आकड्याचा आवाजाशी काही संबंध नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी पॉवर, बघा, आणि त्याच्याही आधी मागच्या पट्टीवर विजेचा वापर किती लिहिलाय ते बघा. जी वस्तू भिंतीतून 45 वॅट घेते ती सतत 120 वॅट बाहेर देऊ शकत नाही. गाण्यातला एखादा ठोका कपॅसिटरमधल्या साठ्यावर निभावतो, हे खरं. सततच्या पॉवरचा दावा मात्र तिथेच कळतो. क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर असेल तर घेतलेल्या विजेपैकी 80-90 टक्के स्पीकरपर्यंत पोचते, जुन्या पद्धतीच्या क्लास-एबीमध्ये निम्म्याच्या आसपास. छोट्या पेटीत उष्णता कोंडते, म्हणून तिथे क्लास-डी मला जास्त पटतो.

ऐकताना काय लावायचं? दुकानदार लावतो ते गाणं नको. त्याने ते निवडून ठेवलेलं असतं. तुमच्या मोबाइलमध्ये तबल्याचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग घेऊन जा, ज्यात डग्ग्याची मींड स्पष्ट आहे. डग्गा दाबून सरकवला की घुमारा खालून वर चढतो. चांगल्या पेटीत तो चढ सलग ऐकू येतो. वाईट पेटीत मधेच एका जागी फुगतो आणि पुढे गायब होतो, कारण त्या एका जागी पेटीच डग्ग्याच्या जोडीला वाजायला लागते. मग नाशिक ढोल लावा. ढोलाचा ठोका पडून थांबला पाहिजे. पुढच्या ठोक्यापर्यंत शेपटी लोंबत राहिली तर नाही घ्यायचा.

बंद पेटी, पोर्ट की पॅसिव्ह रेडिएटर

हे निवडताना लोक उगाच गोंधळतात. बंद पेटी आवाजात नेटकी, खालच्या स्वरांना हळूहळू उतरणारी, आणि लहान खोलीत भिंतींची मदत मिळत असल्याने पुरेशी. पोर्टची पेटी तेवढ्याच पॉवरमध्ये जास्त मोठा आवाज देते, पण लहान पेटीत पोर्ट नीट बसवता येत नाही, आणि हे कुणी सांगत नाही.

15 लिटरची पेटी धरा, म्हणजे आतून साधारण 25 सेंटिमीटरचा घन. तिचा पोर्ट 35 हर्ट्झला जुळवायचा आहे. 5 सेंटिमीटर व्यासाची नळी घेतली तर तिची लांबी सुमारे 28 सेंटिमीटर लागते. म्हणजे वाकवून बसवावी लागणार. आणि इतक्या बारीक नळीतून जोरात हवा जायला लागली की 'फस्स फस्स' ऐकू येतं. तो आवाज नको म्हणून साडेसात सेंटिमीटरची रुंद नळी घेऊ म्हटलं, तर लांबी 66 सेंटिमीटर. ती मावायची कुठे? मग कंपन्या बारीक आणि आखूड नळी लावतात. पेटी 35 ऐवजी 55-60 हर्ट्झला जुळते आणि तोच 'बूम' सुरू होतो. पेटीच्या मानाने पोर्ट फारच आखूड दिसला तर हा हिशेब आठवा. ही गणितं करण्याची पद्धत नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला घालून दिली. आज ती मोबाइलवरही करता येतात, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

यावर उपाय पॅसिव्ह रेडिएटर. दिसायला स्पीकरसारखाच कोन, पण मागे कॉइल नाही, मॅग्नेट नाही. पोर्टमधली हवा जे काम करते ते हा कोन आपल्या वजनाने करतो, जागा कमी लागते आणि फसफस होत नाही. याची तपासणीही सोपी आहे. मुख्य कोन हळूच आत दाबून धरा, रेडिएटर बाहेर येईल. तुम्ही धरून ठेवलंय तोवर तोही बाहेरच राहिला पाहिजे. लगेच मागे सरकायला लागला तर पेटी कुठेतरी गळतेय.

पाठीला पाठ लावलेले दोन कोन असतील तर उत्तमच. दोघे एकाच वेळी उलट दिशांना धक्का देतात आणि पेटीला बसणारे हादरे एकमेकांत जिरतात. एकच कोन असलेली हलकी पेटी गुळगुळीत फरशीवर अक्षरशः चालते. सकाळी टीव्हीखाली ठेवलेली, संध्याकाळी चार बोटं पुढे आलेली मी पाहिली आहे.

एक पेटी उघडून दाखवते

गेल्या श्रावणात इंदिरानगरचा एक मुलगा सबवूफर घेऊन आला. दोन वर्षं जुना, 28 सेंटिमीटरचा घन, 8 इंची स्पीकर, खोक्यावर 120 वॅट. मागच्या पट्टीवर 45. "ताई, जोरात लावला की पत्रा वाजल्यासारखं होतं. नवीनच घेऊ का?" मी म्हटलं, "आधी उघडू तरी. बस इथे." काट्यावर ठेवला, 4 किलो 300 ग्रॅम.

समोरचे आठ स्क्रू. त्यातले तीन नुसतेच गरागरा फिरत होते, भोकांतला भुसा झाला होता. स्पीकर बाहेर काढला तर त्याच्या कडेखाली पट्टी नाही, पत्रा थेट लाकडावर. आणि लाकडावर धुळीच्या काळ्या रेघा, सूर्याच्या किरणांसारख्या बाहेर गेलेल्या. हवा जिथून निसटते तिथे धूळ अशी आपली वाट काढून ठेवते. मी त्याला बोट ठेवून दाखवलं, "हे बघ, दोन वर्षं तुझा बेस इथून गेला." मागे मॅग्नेट चांगला जाडजूड दिसत होता. रबरी टोपण ओढून काढलं तर आत खरा मॅग्नेट 7 सेंटिमीटरचा. फळी 9 मि.मी.चा पार्टिकल बोर्ड, आडवा टेकू एकही नाही. स्पीकरच्या दोन्ही वायरी मोकळ्या लोंबत होत्या आणि कोनच्या पाठीला लागून लागून तिथे कागद चकचकीत झाला होता. 'पत्रा' वाजत होता तो हा. अ‍ॅम्प्लिफायरच्या पट्टीवर मोठे दोन कपॅसिटर नुसते सोल्डरवर उभे होते. बोट लावलं तर एक डुलला. पेटीतल्या हादऱ्यांनी त्याच्या पायाशी सोल्डरला गोल तडा गेला होता.

मल्टिमीटर लावला, कॉइल 3.5 ओहम. 4 ओहमच्या स्पीकरला हे बरोबर आहे, मीटरवर नेहमी थोडं कमीच दिसतं. म्हणजे स्पीकर ठीक होता, आणि पेटीकडे कारखान्यात कुणी लक्ष दिलं नव्हतं.

फळी आणि नाशिकचा पावसाळा

फळीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणी असतं आणि पार्टिकल बोर्ड ते पितो. 2019च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, ज्याच्यावरून पुराची पातळी मोजतात तो नदीतला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. त्यानंतरच्या पंधरवड्यात पंचवटीतून आणि सराफ बाजाराच्या बाजूने माझ्याकडे अकरा सबवूफर आले. सगळे जमिनीवर ठेवलेले. पार्टिकल बोर्डच्या पेट्यांचे तळ पावासारखे फुगले होते, बोटाने लाकूड सुटत होतं, त्यातली एकही वाचली नाही. एमडीएफच्या दोन कडेने फुगल्या होत्या, पण सांधे धरून होते. एक जुनी पेटी प्लायवुडची होती, वडिलांच्या वेळच्या मिस्त्रींनी केलेली. ती चार दिवस सावलीत वाळवली, नवा स्पीकर बसवला, आजही वाजते आहे.

पूर रोज येत नाही, पण ओल्या फडक्याने फरशी रोज पुसली जाते. पाणी पेटीच्या तळाच्या कडेतून चढतं. म्हणून घेताना पेटी उलटी करून तळ बघा. तळाला नुसतं कच्चं लाकूड असेल तर घरी आणल्या दिवशी त्यावर लाकडाचा सीलर किंवा ऑइल पेंटचे दोन हात मारा, कडांना तिसरा. पाय निदान 2 सेंटिमीटर उंच हवेत. बाहेरचा कागदी विनाइल कोपऱ्यात उचलला गेला असेल तर तिथूनच ओल शिरते, फेव्हिकॉल भरून दाबून ठेवा, तसंच सोडू नका. नवी पेटी करून घेत असाल तर मिस्त्रींना 18 मि.मी. एचडीएचएमआर सांगा. एमडीएफपेक्षा जड आणि ओल सोसणारा, पैसे थोडे जास्त जातात. चांगला प्लायवुड असेल तर तोही चालेल, मात्र मधे पोकळ जागा नसलेला.

घरच्या घरी दुरुस्ती

आधी वॉरंटी बघा. चालू असेल तर उघडू नका, परत द्या.

उघडणार असाल तर पिन भिंतीतून काढून अर्धा तास थांबा. 230 व्होल्टची वीज पॉवर सप्लायमध्ये सरळ होते तेव्हा मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठते. प्लग काढल्यावरही ती तिथे असू शकते. मागची अ‍ॅम्प्लिफायरची पट्टी हाताळायची सवय नसेल तर ती दुरुस्तीवाल्याकडेच द्या. समोरचा स्पीकर, पेटी, सांधे, हे काम मात्र कुणालाही करता येतं.

गळती शोधायला उदबत्ती लावा. मोबाइलवर टोन वाजवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, 40 हर्ट्झचा स्वर मध्यम आवाजात लावा आणि उदबत्ती सांध्यांवरून, स्पीकरच्या कडेवरून, मागच्या पट्टीच्या भोवती, बटणांच्या दांड्यांपाशी हळूहळू फिरवा. धुराची सरळ रेघ जिथे थरथरते तिथे भोक आहे. पेन्सिलीने खूण करा. मागच्या पट्टीभोवती आणि वायर जिथून आत शिरते तिथे हमखास सापडतं.

स्पीकरच्या कडेखाली दारा-खिडक्यांना लावतात ती 3 मि.मी. फोमची चिकटपट्टी लावा. जोड स्क्रूच्या भोकावर येऊ देऊ नका. आतल्या सांध्यांना सिलिकॉन भरायचं असेल तर न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, त्यातलं अ‍ॅसिड तांब्याला आणि सर्किटला खातं. भरल्यावर एक पूर्ण दिवस पेटी उघडी ठेवा, मग स्पीकर बसवा.

निघालेल्या स्क्रूच्या भोकात काडेपेटीच्या दोन-तीन काड्या गुल काढून, फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका. रात्रभर वाळू द्या, कडेने कापा, बारीक भोक पाडा, स्क्रू घट्ट बसतो. आणि कोणताही स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो 'टिक' करून खाली उतरतो, तेव्हा सुलटा फिरवायला लागा. हे न केल्यामुळे दर वेळी नवा आटा पडतो आणि चौथ्या वेळी भोकात नुसता भुसा उरतो. मशीनचा स्क्रूड्रायव्हर इथे वापरू नका.

टेकू लावणं हे सगळ्यात मोठं काम आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं. 25 मि.मी. जाडीची लाकडी पट्टी दोन बाजूंच्या फळ्यांच्या मधे घट्ट बसेल इतकी कापा, दोन्ही टोकांना फेव्हिकॉल. पट्टी अगदी मधोमध नको, मध्यापासून दोन-तीन बोटं सरकवून लावा, म्हणजे फळीचे दोन्ही भाग वेगवेगळ्या स्वरांना वाजतात आणि एकमेकांना साथ देत नाहीत. लावल्यावर पुन्हा ठोकून बघा. 'ढब'चा 'टक' झालेला स्वतःच्या कानांनी ऐकू येतो.

बंद पेटी असेल तर आत उशीत भरतात तो रेक्रॉन सैलसर भरा, त्याने पेटी आतून किंचित मोठी असल्यासारखी वागते. कापूस नको, ओल धरतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या तापणाऱ्या पत्र्याला लागू देऊ नका, आणि पोर्टची पेटी असेल तर पोर्टच्या तोंडापासून दूर ठेवा. वायरी फळीला चिकटवून टाका.

काम झालं की पाच रुपयांचं नाणं पेटीवर कडेवर उभं करा आणि 80 पासून खाली टोन उतरवत न्या. घट्ट पेटीवर ते उभं राहतं. कुठल्या आकड्याला पडतं ते लिहून ठेवा.

खोलीत कुठे ठेवायचा

यावर लोक तासन् तास बोलतात, मी थोडक्यात सांगते. 12 फुटी खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो, 10 फुटीत 56 च्या आसपास. म्हणून तीच पेटी दुकानात एक वाजते आणि घरी एक. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवा, डग्ग्याचं रेकॉर्डिंग लावा, आणि खाली वाकून भिंतीच्या कडेकडेने फिरा. जिथे घुमारा सलग ऐकू येईल तिथे पेटी ठेवा. मग फेजचं बटण दोन्ही बाजूंना करून बघा, ज्या बाजूला बसल्या जागी बेस भरीव लागतो ती बाजू खरी. क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफरने कुठल्या स्वरापर्यंत वाजायचं ते ठरवणारं बटण, 80 हर्ट्झपासून सुरू करा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खाली जाड रबरी किंवा योगाच्या चटईचा तुकडा घाला, खालच्या घराला स्लॅबमधून जाणारा धडधडाट कमी होतो. रात्री दहानंतर आवाज उतरवा. कमी आवाजातही सलग वाजतो तोच चांगला सबवूफर, त्यामुळे रात्रीच त्याची खरी परीक्षा होते.

इंदिरानगरच्या मुलाची पेटी चार दिवस माझ्याकडे होती. दोन टेकू, फोमची पट्टी, काड्या भरून आठही स्क्रू, वायरी चिकटवल्या, कपॅसिटरला नवं सोल्डर आणि बाजूने सिलिकॉन, तळाला सीलर. साडेआठशे रुपये झाले. न्यायला आला तेव्हा नाणं त्यानेच उभं केलं आणि टोन त्यानेच उतरवला. आधी ते 62 ला पडायचं, आता 38 पर्यंत उभं राहिलं. त्याखाली स्पीकरच दमला, बारक्या मॅग्नेटचा तो स्पीकर आहे, तिथे माझा इलाज नाही, हेही त्याला सांगितलं. मग पेटी उलटी करून मी त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि तळाला लिहायला लावलं: तारीख, कॉइल 3.5 ओहम, टेकू 2, वजन 5 किलो 100, नाणं 38. तुम्हीही काम झाल्यावर पेटीच्या तळाला एवढं लिहा. पेन्सिलच घ्या, शाई ओलीने पसरते.